रेडिओ बंद पडला तो दिवस

"अगं, गप बस ना घटकाभर! मेंढरं बिचकतात तुझ्या आवाजानं," कात्री थांबवून बाप ओरडला.

पण गप बसणं त्या पोरीच्या रक्तातच नव्हतं. सात वर्षांची, काडीएवढी, पण तोंडाला कुलूप नाही. म्हणून तर आम्ही शेजारी तिला रेडिओ म्हणायचो. लोकर कातरून मेंढरू बाहेर पडलं की ही सुरू. "ए टकल्या, आरशात बघ जा! ओळखणार नाही तुझी आई तुला!" मेंढरांचे पाय धरायचं काम माझ्याकडे. हसून हसून माझी पकड सुटायची आणि बापाच्या शिव्या मला बसायच्या.

दमा तिला पाळण्यापासूनचा. त्या दिवशी वाऱ्यावर लोकरीचा भुरा उडत होता आणि ती सकाळपासून खोकत होती. आईनं पंप ओढायला लावला, कांबळ्यात गुंडाळून तिला भिंतीशी बसवलं.

"दवाखान्यात न्यायची का हो?" आईनं विचारलं.

"मागच्या वेळी नेली, तर दारात पोचेपर्यंत खोकला गायब. हसं झालं आपलं."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तरीपण आणत जा."

"अर्धा कळप बाकी आहे अजून. वाढला तर नेऊ."

वाढला तर म्हणजे किती, हे कोण सांगणार? आई बिचारी हातानं लोकर बांधत होती आणि कान भिंतीकडे लावून बसली होती. त्या घराचं मापच ते. खोकला वाढला की काळजी, कमी झाला की जिवात जीव.

दुपार कलताना खोकला थांबला. आईचा चेहरा एकदम सैल झाला.

"रेडिओचे सेल संपले वाटतं," बाप म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. झोपली असेल, झोपमोड नको, म्हणून कुणी तिकडे फिरकलं नाही.

बापाच्या हाताखाली तेव्हा एक म्हातारी मेंढी होती. लोकर उतरली तशा तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. दर श्वासाला कातडी आत ओढली जात होती.

"धाप लागलीये हिला," तो मला म्हणाला. "अंगावर लोकर असली की कळतच नाही..."

बोलता बोलता त्याचा हात थांबला. कात्री टाकून, मेंढी अर्धवट सोडून तो भिंतीकडे धावला.

त्यानं कांबळं ओढून काढलं, सदरा वर केला. पोरगी झोपली नव्हती. हात जमिनीला टेकून, खांदे वर चढवून बसली होती. बरगड्यांमधली कातडी आत जात होती, गळ्याखाली खड्डा पडत होता. ओठ जांभळे.

"काय होतंय बाळा?"

"बा..." पुढचा शब्द निघेना.

"खोकला थांबला होता हो!" आई रडत म्हणाली. "मी ऐकत होते ना! मी सारखी ऐकत होते!"

लोकरवाल्याचा टेम्पो भरून उभा होता. दुसरी गाडी नव्हती. त्यानं पुढच्या सीटवरही पोती कोंबली होती. त्यानं ती चिखलात भिरकावली आणि सीटवरचा भुरा ओल्या फडक्यानं पुसून काढला.

मी मागे गठ्ठ्यांवर चढलो. मधल्या काचेतून सगळं दिसत होतं. तिचा बाप म्हणजे माजलेला मेंढा एका गुडघ्याखाली दाबून धरणारा गडी, पण त्या पोरीसाठी त्याला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. तिला ताठ बसवायचं, पुन्हा पंप द्यायचा आणि रस्ता संपायची वाट बघायची. रस्ता काही संपेना.

"बोल गं," तो सारखा म्हणत होता. "मला टकल्या म्हण. काहीही म्हण."

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मला ते बघवेना. मी तोंड फिरवलं.

दवाखान्यात तिला हातावरच उचलून आत नेली. "खोकायलाही श्वास लागतो," डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या. "तो उरला नव्हता म्हणून खोकला थांबला." दार बंद झालं. आई बाकावर बसून पदराला चिकटलेली लोकर उपटत राहिली. बाप बसलाच नाही.

दिवे लागले तेव्हा नर्स तणतणत बाहेर आली.

"तोंडावर मास्क आहे तरी तुमची मुलगी मला विचारते, मावशी, तुमचे केस कुणी कातरले? सांगा हो तिला, गप्प पडून राहा म्हणावं."

बाप भिंतीला धरून खाली बसला.

"तुम्हीच सांगा, बाई," तो म्हणाला. "माझी जीभ रेटत नाही."