कोऱ्या पाठीची लेला

लेला जन्मली तरी तिला नाव नसतं. पितळ ओता, साचा फोडा, घासूनपुसून आरशासारखी लख्ख करा, तरी ती नुसती लेला. गलबताच्या काठावर खुंटीत बसणारी, एका माणसानं हवी तिकडं फिरवावी अशी हातभर लांबीची तोफ. ब्रुनेईच्या पाण्यावरच्या वस्तीत पद्धतच तशी होती. ज्या गावावर ती पहिल्यांदा डागली जाईल, त्या गावाचं नाव तिच्या पाठीवरच्या पट्ट्यात कोरायचं. तोवर पट्टा कोरा.

नाखुदा लामितच्या गलबतावर अशा सहा लेला होत्या आणि सहाही नावं बुंग्सूनं कोरली होती. सात वर्षांपूर्वी मेण विकायला ती नदीच्या मुखाशी आली आणि लामितच्या माणसांनी तिला उचलून गुलाम केलं. गाव कुठलं, हे तिनं मार खाऊनही सांगितलं नाही. तोफांच्या साच्यांसाठी मेणाचे नमुने घडवण्यात मात्र तिचा हात असा बसला की लामितनं एकदा खुशीत शब्द दिला, "सातवी लेला तू एकटीनं घडव. तिला नाव मिळालं की तू मोकळी!"

सातवीचं तोंड बुंग्सूनं मगरीचं केलं. चाचणीचे तिन्ही बार असे झाले की खांबांवरची घरं हलली.

"वा गं कारागिरीण!" लामित म्हणाला. "आता हिला गाव हवं. तुझंच घेऊ का? तुला घरीही सोडतो. एका फेरीत दोन कामं!"

भट्टीवरची माणसं खो खो हसली.

सात वर्षं बुंग्सू नावं कोरत होती, कुणी पदरावर वेल काढावी तशी. त्या नावांच्या आत माणसं असतात, हे तिला आज कळत होतं. खरं तर पहिल्या नावालाच कळलं होतं. तिनं ते कळू दिलं नव्हतं, इतकंच.

"दातखीळ बसली का? गाव सांगत नसशील तर मगरीला वितळवतो आणि तिच्या पराती करतो. तू बस मग इथंच केस पिकवत."

तिला आईचा चेहरा आठवला.

"तागासान," ती म्हणाली. "नदीच्या दुसऱ्या फाट्याला डावीकडं. पाण्यावर वाकलेलं झाड लागतं, त्याच्या मागं."

तागासान सिनूचं गाव होतं. सिनू बुंग्सूच्या हाताखाली माती मळायची. तिलाही वेत तोडताना पकडलं होतं, तिनंही मार खाल्ला होता, पण तोंड उघडलं नव्हतं. फक्त बुंग्सूताईला तिनं सगळं सांगितलं होतं. फाटा, झाड, सगळं.

तेवढ्यात भाताच्या तुसाची टोपली डोक्यावर घेऊन सिनू आत आली.

"ताई, काय म्हणाला गं तो? सुटलीस ना?"

"सुटले."

सिनूनं टोपली टाकलीच आणि तिला मिठी मारली. "मग एक काम कर. घरी जाताना वाट वाकडी करून तागासानला जा. आईला सांग, मी जिवंत आहे म्हणावं. सांगशील ना?"

"सांगेन," बुंग्सू म्हणाली.

गलबत नवव्या दिवशी दुपारी परत आलं. लामितनं लेला उतरवून घाटावरच छिन्नी-हातोडी मागवली. "नाव इथंच कोरा, सगळ्यांच्या देखत! अक्षर वाकडं गेलं तर नाव धरणार नाही मी, सुटकाही नाही, आधीच सांगतो. ए पोरी, तू तोफ धरून बस."

सिनूनं लेला गुडघ्यांत घट्ट धरली. बुंग्सू कोरू लागली. बाजूनं वेतानं बांधलेली माणसं उतरत होती.

एका बाईनं सिनूला ओळखलं आणि ती किंचाळली. तिच्या मागं सिनूचा भाऊ होता. आई नव्हती.

सिनूनं त्यांच्याकडं पाहिलं, मग पट्ट्यावरच्या अक्षरांकडं. तिला वाचता येत नव्हतं. गरजही नव्हती.

"ताई," ती म्हणाली, "झाडाचं मी फक्त तुला सांगितलं होतं."

लेला तिच्या गुडघ्यांत थरथरू लागली. छिन्नी सरकली, जेमतेम सावरली.

"घट्ट धर," बुंग्सू म्हणाली. "एकच अक्षर राहिलंय."