दुपारी गेलेले स्क्रू

दिवसभर यात्रेकरूंना जेवू घालून दमलेल्या बाईने विरंगुळा म्हणून काय करावं? पूर्णिमा मोबाइलमध्ये खानावळ चालवायची. हसायचं असेल तर हसून घ्या. तिच्या नवऱ्याने, संकर्षणनेही हसून घेतलं होतं. पण लग्न होऊन गाणगापूरच्या या लॉजवर आल्यापासून तिला मैत्रीण म्हणावी अशी एक बाई मिळाली नव्हती, आणि त्या खेळात तिच्या कलबुर्गीच्या कॉलेजातल्या मैत्रिणी होत्या. दहा-बारा जणींचा क्लब. खेळता खेळता त्या तिथेच गप्पा लिहायच्या, एकमेकींना चिडवायच्या, सासवांना नावं ठेवायच्या. पूर्णिमाचं माहेरपण म्हणाल तर एवढंच. कलबुर्गी तशी बसने फार लांब नाही. पण कुणाला "ये" म्हणायचं म्हणजे तेही एक मागणंच, आणि मागणं तिला जमत नसे.

क्लबाची प्रमुख सुधारानी. कॉलेजात मॉनिटर होती, ते अंगातून गेलं नव्हतं. तिने फर्मान काढलं, की रविवारी संध्याकाळपर्यंत जिची मोठी भट्टी उभी राहणार नाही, तिला क्लबातून नारळ. क्लब गेला की गप्पाही गेल्या.

भट्टी बांधायची तर सुटे भाग लागतात. बाकीच्या जणी चांदीची घंटा, नक्षीचा दिवा यांच्यामागे धावायच्या. पूर्णिमाला पक्कं ठाऊक होतं, की माणूस अडतो तो स्क्रूपाशी आणि फळ्यांपाशी. खुर्चीला स्क्रू, नळाला स्क्रू, भट्टीला तर स्क्रूच स्क्रू. आमटीतल्या मिठासारखं आहे ते, नसलं की आठवण होते. खेळ हातातला साठा दाखवतो, पण पुढे काय किती लागणार ते सांगत नाही. म्हणून तिने मिसळणाचा एक जुना डबा घेतला. एका वाटीत स्क्रूचे चिंचोके, दुसरीत फळ्यांचे, तिसरीत नळांचे. जेवढे भाग अजून लागणार तेवढे चिंचोके. भाग मिळाला की एक काढून टाकायचा. वाटी रिकामी झाली की गंगेत घोडं न्हालं.

एवढी तजवीज कशासाठी? तर कुणापुढे हात पसरायला नको म्हणून. खेळात पसरलेल्या हाताचं एक बटण होतं. ते दाबलं की तुमची मागणी क्लबात सगळ्यांना दिसायची. पूर्णिमाने त्याला कधी बोट लावलं नव्हतं. सगळा साठा स्वतःच जमवते म्हणून मैत्रिणी तिला कोठीवाली म्हणून चिडवायच्या. लहानपणी आई तिला शेजारी साखरेसाठी वाटी देऊन पाठवायची. एकदा शेजारच्या शोभाबाई आतूनच म्हणाल्या, "आली बघा वाटी." मग गल्लीत तिचं नावच वाटी पडलं. गाणगापुरात लखपती माणूससुद्धा झोळी घेऊन पाच घरी माधुकरी मागतो. इथेही नव्या सुनेला मागायला धाडलं, तेव्हा हिचं नेमकं डोकं दुखायला लागलं.

त्या आठवड्यात क्लबात शैलश्री सारखी स्क्रू मागत होती. कॉलेजात पूर्णिमाच्याच डब्यात जेवणारी शैलश्री. पूर्णिमाने वाचलं आणि बोटाने वर सरकवलं. आपली भट्टी उभी राहू दे, मग बघू, असं तिने मनाला सांगितलं. मनालाही ते लगेच पटलं. स्वार्थाची गोष्ट पटायला कितीसा वेळ लागतो?

रविवारी सकाळी स्क्रूची वाटी रिकामी झाली. फळ्या तेवढ्या यायच्या होत्या, त्या दुपारपर्यंत मिळणार होत्या. तिने फोन फ्रिजवर ठेवला आणि भाताचं पातेलं उतरवलं. पंगत उठेपर्यंत तिला मान वर करायला सवड मिळाली नाही.

हात पुसत ती आत आली, तर फोन सासूबाईंच्या हातात. सरस्वतीबाई तो लांब धरून, डोळे बारीक करून बघत होत्या. पूर्णिमाने फोन घेतला. फळ्या आल्या होत्या. स्क्रू शून्य.

"आत्या, काय केलात तुम्ही?" सासूला ती आत्याच म्हणायची.

"काय न्हाई गं. वाजायलता म्हणून बघितलं. कोण ती शैलश्री मागायली होती. हात पसरलेला दिसला, दिलं. पुन्हा मागितलं, पुन्हा दिलं."

"सगळे?"

"बारा वाजले होते, पूर्णिमा. या गावात बाराच्या मागणाऱ्याला न्हाई म्हणत नसतेत. बाराला देवच भिक्षेला फिरतोय म्हणतेत, कुठल्या रूपानं येईल, काय सांगावं?"

पूर्णिमा खाली बसली आणि चिंचोके परत वाटीत टाकू लागली. घाईत निम्मे ओट्याखाली गेले. संध्याकाळपर्यंत एवढे स्क्रू जमणं शक्यच नव्हतं. उद्यापासून दुपारी भांडी घासून झाली की कुणाशी बोलायचं, हा प्रश्न तिच्या डोक्यात घण घालायला लागला.

"आता तू बी माग की," सासूबाई म्हणाल्या.

"मला न्हाई जमत."

"कामून? पाच घरी मागायचं असतंय. एका घरी न्हाई मिळालं तर दुसरं घर."

पूर्णिमाने डोळे मिटून तो पसरलेला हात दाबला. मग सुधारानीचं उत्तर आलं. "अगं बाई, आज आमची कोठीवालीच मागायलीय?" खाली हसणारे चेहरे. स्क्रू एकीनेही दिला नाही. ज्यांच्याकडे होते त्यांनी लावून टाकले होते. पूर्णिमाला कानामागे शोभाबाईंचा आवाज ऐकू आला. तरी तिने पुन्हा दाबलं. पुन्हा. दर वेळी शरम थोडी कमी आणि भीती थोडी जास्त वाटत होती.

देवळात आरतीच्या घंटा सुरू झाल्या तेव्हा पडद्यावर अक्षरं आली, की तुम्ही आता या क्लबात नाही. गप्पांचं पानही गेलं. इतक्या दिवसांचं बोलणं, चिडवणं, सगळं एका बोटाने पुसलं गेलं. पूर्णिमा पदर तोंडात धरून रडली.

तेवढ्यात फोन वाजला. शैलश्री.

"पूर्णी, तुझे स्क्रू मीच लावून बसले गं. माझी भट्टी ऱ्हायली उभी आणि तुला काढलं. परत देता बी येईनात. कामून दिलीस एवढे?"

नुसतं "असू दे" म्हटलं असतं, तरी पुण्य फुकटात पदरात पडत होतं. जीभ तिथवर आलीही.

"मी न्हाई दिले," पूर्णिमा म्हणाली. "आमच्या आत्यांनी दिले, बाराच्या मागणाऱ्याला इथं न्हाई म्हणत नसतेत म्हणून. मी तुझं मागणं बघितलं होतं, शैला. बघून सोडून दिलं."

आता हीसुद्धा गेली, असं पूर्णिमाला वाटलं. उरलंसुरलं एक माणूस आपण स्वतःच्या तोंडाने घालवलं.

"शैला," ती घाईने म्हणाली, "तू इथं ये ना गं. एकदा ये. मला इथं कुणी न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाला "ये" म्हटलं होतं. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या, तेही तिला दिसलं नाही.

"तुमच्या गावात बाराला आलेल्याला न्हाई म्हणता येत न्हाई म्हण की," शैलश्री म्हणाली. "मग बाराच्याच सुमाराला येते."