अर्धी गोळी

मी पर्फोरिन बोलतोय. नाव ऐकलं नसेल, तरी मी तुमच्याही अंगात आहे. रक्तात मारेकरी पेशी फिरत असतात. त्यांच्या पोटातल्या इवल्याशा पिशवीत राहणारं मी एक प्रथिन. माझं काम एकच, समोरच्या पेशीला भोक पाडायचं.

एकट्याने ते जमत नाही. आम्ही वीसेक जण गोल करून तिच्या आवरणात घुसतो. त्या भोकातून पिशवीतले आमचे जोडीदार, दुसरी प्रथिनं, आत शिरतात आणि ती पेशी आपल्याच हाताने आपला जीव घेते. आरडाओरडा नाही, काही नाही.

मी जन्मलो एका घड्याळजीच्या अंगात. चाळिशीतला अबोल माणूस, दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीने आपली एक किडनी त्याला दिली. घरचे सगळे रडले. मला मात्र पहिल्याच फेरीत कळलं, ही आपली नाही. ताई वगैरे मला कळत नाही. आपलं आणि परकं, एवढंच कळतं.

पण डॉक्टरीणबाई हुशार. त्यांनी सकाळ-संध्याकाळ गोळ्या सुरू केल्या आणि माझ्या पेशीला गुंगी आली. "या चुकवल्यात, तर किडनी गेलीच समजा," असं त्यांनी बजावलं होतं. आम्ही रोज त्या किडनीतून जायचो आणि हात चोळत परत यायचो.

घड्याळजीच्या मनात एकच होतं, ताईचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ चालू करून तिला द्यायचं. दुसरं देण्यासारखं त्याच्याकडे होतं तरी काय? पण केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली की हात थरथरायचे. गोळ्यांच्या खोक्यातल्या कागदावर त्याने वाचलं, ही थरथर गोळ्यांचीच. मग डॉक्टरीणबाईंना विचारायचं सोडून हा शहाणा दुकानातल्या ब्लेडने गोळी अर्धी करायला लागला. अगदी मधोमध हं! मापाचा माणूस.

वर चलाखी बघा. रक्त तपासायच्या आधी तीन दिवस पूर्ण गोळी घ्यायचा. रक्तात औषध बरोबर मापात, रिपोर्ट झकास.

"घड्याळजी शोभता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक वेळ चुकत नाही तुमची."

तो ओशाळून हसला. हात थरथरायचे थांबले, स्प्रिंग बसली. ताईने घड्याळ कानाशी धरलं आणि म्हणाली, "अरे, हे तर माझ्यापेक्षा तरुण झालं!" भाऊ लाजून खाली बघत राहिला.

इकडे आमची गुंगी उतरली होती.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. आमच्या पेशी ताईच्या किडनीत घुसल्या, एकेका पेशीला चिकटल्या. माझे भाऊबंद पिशवीतून बाहेर पडले, भोकं पाडली आणि तिथेच संपले. आठवडाभर कत्तल चालली. घड्याळजीचे पाय सुजले, लघवी आटली, ताप चढला. त्याला वाटलं, दगदग झाली असेल. पुन्हा पूर्ण गोळी घ्यायला लागला, तोवर फार उशीर झाला होता.

इस्पितळात जबर औषधं दिली, पण किडनी वाचली नाही. डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं, तेव्हा त्याने ब्लेडची गोष्ट सांगितली. ताई शेजारीच उभी होती.

"थरथरीचं आधी सांगितलं असतंत तर औषध बदललं असतं हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एवढंच करायचं होतं."

ताईने मनगटावरचं घड्याळ मुठीत धरलं. मग म्हणाली, "मी कुठे मागितलं होतं रे घड्याळ?"

"ताई, मला वाटलं..."

"आता दुसरी कुठून देऊ? माझ्याकडे एकच उरलीय."

आता आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला जावं लागतं. ताई कामावर खाडा करून सोबत येते. चार तास ती त्याच्याकडे बघत नाही, मनगटाकडे बघते. घड्याळ एका सेकंदानेही मागे-पुढे होत नाही. घड्याळजी भिंतीकडे तोंड करून पडतो. किडनीच नाही म्हणून त्या गोळ्याही बंद, हात अगदी स्थिर.

मी अजून पिशवीतच आहे, माझी पाळी यायचीय. त्याचं नाव दुसऱ्या किडनीच्या यादीत लागलंय म्हणतात. मिळाली, तर मला नीट झोपवा बाबांनो. मला दयामाया नाही, आणि अर्ध्या गोळीने झोप लागत नाही.