कापणारी आणि उचलणारी

"पडदा उघडू नकोस गं," चिमटी पांघरुणातूनच म्हणाली. "उजेड डोळ्यावर येतो."

पडद्याला लावलेला हात मी मागे घेतला. बाहेर समुद्रावर सकाळ झाली असणार. असावी, मला काय कळणार? माझा पलंग बाथरूमच्या दाराला चिकटून आणि तिचा बाल्कनीच्या काचेला. कालही हेच झालं होतं, परवाही हेच. अंधारात चाचपडत मी चपला शोधल्या आणि पाय आपटत बाहेर पडले. जहाजाच्या गालिच्यावर पाय आपटलेलेसुद्धा ऐकू येत नाहीत, त्याचाही मला राग आला.

पडद्याचं काय ते सांगायला हवं, नाहीतर ही बाई एवढ्याशा गोष्टीवरून का पेटली असं कुणालाही वाटेल. आम्ही दोघींनी उमेदीची सगळी वर्षं पडदे शिवायच्या कारखान्यात काढली. ती कापायच्या टेबलावर, मी मशीनवर. ती अंगाने एवढीशी म्हणून चिमटी. मी बॉबिन, कारण बॉबिन खाली दडून बसते, कुणाला दिसत नाही, पण ती संपली की वरचा धागा नुसताच नाचतो. एका वर्षी जहाजाच्या केबिनींच्या पडद्यांची ऑर्डर आली. निळं जाड कापड, आतून काळं अस्तर, सुया मोडायच्या. शिवून शिवून आमची बोटं सुजली. तेव्हा चिमटी म्हणाली होती, "बॉबिन, एकदा तरी हा पडदा आतून उघडायचा. समोर नुसतं पाणी. दोघींनी मिळून." मी हसण्यावारी नेलं, पण मनात बसलं ते बसलंच.

त्या कारखान्यात एक रीत होती. महिनाअखेरीला उरलेलं कापड बायकांना मिळत असे, दोघींत एक तुकडा. भांडणं नकोत म्हणून एकीने कापायचं आणि दुसरीने आधी उचलायचं. मोठा वाटा दुसरीच नेणार म्हटल्यावर कापणारी लबाडी करेल कशाला? आम्ही दोघी तर सगळंच असं वाटून घेत असू. डब्यातलं सफरचंद, सुट्टीचे दिवस, पंख्याखालची जागा. आणि चिमटीचा हात असा, की तिने कापलेलं मी डोळे मिटून उचलत असे.

पुढे कारखाना बंद पडला. चिमटीच्या जावयाचा धंदा चालला आणि ती लिफ्टवाल्या इमारतीत राहायला गेली. मी घरातल्या घरात पँटींच्या चेन बदलत आणि बाह्या आखूड करत राहिले. तरी आमचं येणं-जाणं होतं. मग एके दिवशी तिचा फोन आला.

"बॉबिन, जहाजावर जायचं का? एका केबिनमध्ये दोघी. मी बाल्कनीवाली बघून ठेवलीय."

"बाई गं, मला बिनखिडकीचीसुद्धा जेमतेम परवडेल."

"मग असं करू. बिनखिडकीच्या केबिनचं अर्धं भाडं तू दे. त्याच्या वरचं सगळं माझं. बाल्कनीची हौस मला आहे ना? बघ, मी कापलं. तू उचल."

मी उचललं. तो हिशेब मला तेव्हा बरोबर वाटला आणि आजही बरोबरच वाटतो. जिची हौस, तिने हौसेचं मोल द्यावं. माझी सून म्हणाली होती, "आई, आधी सगळं नीट बोलून घ्या हं." मी उलट तिलाच झापलं. आमच्या दोघींत बोलून काय घ्यायचं?

इथेच घोडं पेंड खातं. पैसे कापून झाले होते, केबिन कापायची राहिली होती.

पहिल्याच दिवशी चिमटीने काचेजवळच्या पलंगावर पर्स टाकली आणि हसत म्हणाली, "वरचे पैसे माझे ना?" मीही हसले. मग तिचे कपडे सगळ्या कपाटात पसरले आणि मला उरला तो लाइफ जॅकेटांचा खण. बाल्कनीत खुर्च्या दोन होत्या. एकीवर ती बसे आणि दुसरीवर तिचे पाय. दुपारी नातींचा व्हिडिओ कॉल आला की, "जरा डेकवर फिरून येतेस का गं?" मी फिरून येई. किती फिरणार? जहाजावर गोल गोल फिरून माणूस पुन्हा त्याच जिन्यापाशी येतं. मनात म्हणत होते, जाऊ दे, तिने जास्त दिलेत. असं मनाला समजावलं की मन तेवढ्यापुरतं गप्प बसतं आणि आतून कुढतं.

मग, ज्या सकाळी मी पाय आपटत बाहेर पडले, त्या रात्रीचं जेवण. आमच्या टेबलावर दातांचे एक निवृत्त डॉक्टर असत, एकटेच आलेले, साधे गृहस्थ. चिमटी त्यांना माझी ओळख करून देत होती.

"आम्ही एका ठिकाणी कामाला होतो. हिला कुठलं हे परवडायला? म्हटलं, चल बाई, मी नेते तुला. आयुष्यात एकदा तरी बघू दे बिचारीला."

घास माझ्या तोंडातच फिरायला लागला. बिचारी! डॉक्टर पावाला लोणी लावत म्हणाले, "दोघी आलात ते उत्तम केलंत, ताई. मी एकटा, तर माझ्याकडून दोघांचं भाडं घेतलं. रिकाम्या पलंगाचंसुद्धा. तुम्ही एकट्या असतात तर तुम्हालाही भरावंच लागलं असतं."

"आज सूप जरा गारच आहे, नाही?" चिमटीने विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी आले नसते तरी दोन्ही पलंगांचे पैसे हिच्याच बोकांडी बसणार होते. चेन बदलून बदलून मी जो पैसा साठवला होता, तेवढा सगळाच्या सगळा हिचा वाचला होता. आणि वर ही मला 'नेत' होती. केबिनचं दार लागेपर्यंत मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

"तुला ठाऊक होतं?"

"काय ते?"

"रिकाम्या पलंगाचं भाडं."

ती आरशासमोर कानातलं काढत राहिली. "एजंट म्हणाला होता काहीतरी. त्यात एवढं काय? तुझ्यापेक्षा जास्तच दिलेत ना मी?"

"दिलेस. मी कुठं नाही म्हणतेय? मग लोकांना सांगताना मला नेतेस कशाला? मी काय पिशवी आहे?"

"चारचौघांत बोलायची एक पद्धत असते बाई. तू एकेक शब्द धरून बसू नकोस."

"बरं, शब्द सोडला. पलंग? कपाट? मी पडद्याला हात लावला रे लावला की तुझे डोळे दुखतात, ते?"

आता तिचाही आवाज चढला. "बाल्कनीचे पैसे मी भरलेत, बॉबिन. न भरता सगळं अर्धं अर्धं कसं मिळेल?"

"मग हे फोनवर का नाही सांगितलंस? पलंग माझा, कपाट माझं, पडदा माझ्या मर्जीनं उघडेल. सांगायचंस. मी विचार केला असता. कदाचित आलेही असते."

तिने कानातली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"कापलंस तू," मी म्हटलं, "आणि उचललंस पण तूच. कारखान्यात कुणी असं केलं असतं ना, तर पहिली तूच तिच्या हातातली कात्री काढून घेतली असतीस."

चिमटी पलंगावर बसली. मग काचेकडे तोंड करून आडवी झाली. मीही दिवा बंद केला. मला अजून फार बोलायचं होतं, पण पाठीशी काय भांडणार?

पुढचा दिवस आम्ही जेवणाच्या टेबलावर डॉक्टरांशी बोललो, एकमेकींशी नाही. शेवटच्या सकाळी मला जाग आली तेव्हा ती पडद्यापाशी उभी होती. तयार होऊन, केस विंचरून.

"ये," ती म्हणाली. "तू उघड."

मी उठले. पडद्याची कड हातात घेतली, तर दुमड कच्ची, टाके लांब लांब. असला पडदा आमच्या कारखान्यातल्या मास्तरांनी तोंडावर फेकला असता. मी तो एका झटक्यात सारला. समोर गोदामाची पत्र्याची भिंत होती. इतकी जवळ की पत्र्यावरचा गंज दिसत होता. जहाज पहाटेच धक्क्याला लागलं होतं.

"अगं बाई," चिमटी हळूच म्हणाली. "मला वाटलं, अजून तासभर तरी पाणी असेल."

आम्ही बाल्कनीत दोन खुर्च्यांवर बसलो आणि भिंत बघू लागलो. मधल्या टेबलावर तिने जेवणघरातून आणलेलं सफरचंद ठेवलं होतं, बशी होती, लोण्याची सुरी होती. तिने सफरचंद कापलं आणि बशी माझ्याकडे सरकवली. मग मान वळवून भिंतीकडे बघत राहिली.

एक वाटा चांगला मोठा होता, एक लहान. जिची कात्री कधी सूतभर चुकली नाही, तिने सफरचंद असं कापलं होतं. मला कळलं. ती माफी मागत होती. आणि जेवणाच्या टेबलावर आला नव्हता एवढा राग मला तेव्हा आला. पुन्हा देतेच आहे! पुन्हा हिच्याकडून मोठा वाटा घ्यायचा आणि पुन्हा मिंधं व्हायचं. मला मोठा वाटा नको होता. कधीच नको होता. मला सारखा हवा होता.

मी सुरी घेतली. मोठ्या वाट्यातून एक फोड काढून लहान वाट्याजवळ ठेवली. निरखून पाहिलं, अजून एक पातळ चकती काढली, तीही तिकडे ठेवली. मग बशी तिच्यापुढे सरकवली.

"मी कापलंय," मी म्हटलं. "उचल."

तिने बशीकडे पाहिलं. तिचा हात बशीच्या कडेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. डोळे भरून आले होते. भोंग्यावरून आमच्या मजल्याच्या प्रवाशांना उतरायची सूचना आली, एकदा, मग पुन्हा एकदा.

"काय हे लहान मुलांसारखं," ती पुटपुटली आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागली. बराच वेळ शोधत राहिली.

मी बॅग उचलली. दारातून एकदा मागे वळून बघितलं. ती खुर्चीतच होती, पुढ्यात बशी होती, आणि सफरचंद कडेने तांबूस व्हायला लागलं होतं. दोन्ही वाटे अगदी सारखे होते. डोळे मिटून उचलता आले असते.