तार षड्जाची जागा

मच्छिंद्रच्या क्लॅरिनेटला तीन आवाज होते. खालचा भरदार, मधाळ. वरचा लखलखीत, सरळ जाऊन लागणारा. आणि या दोघांच्या मध्ये चार-पाच सुरांची एक दळभद्री जागा. तिथे बोटं जवळपास सगळी उचललेली, हवा नळीत शिरते न शिरते तोच बाहेर. आवाज फोपसा निघतो आणि वर सूर चढाही लागतो. वाद्याची जातच तशी, पण हे श्रोत्यांना कोण सांगणार?

तो साथ करायचा बायकोच्या गाण्याला, आणि सरोजिनी काळी पाचच्या पट्टीत गायची तोवर काही बिघडलं नव्हतं. तिचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, क्लॅरिनेटच्या वरच्या आवाजात, सगळी बोटं दाबून, खणखणीत वाजायचा. चौऱ्याहत्तर साली पावसाळा संपता संपता बाईंनी फर्मान काढलं, पट्टी खाली, काळी चार. का?

"अहो, पाचमध्ये तुमचं वाजवणं कानात घुसतं. कर्कश लागतं."

झालं! तार षड्ज नेमका त्या दळभद्री जागेत येऊन बसला. मच्छिंद्रने खालची बोटं दाबून तो उतरवून पाहिला, ओठ सुजेस्तोवर रियाझ केला. सूर जागेवर आला की आवाज घोगरा व्हायचा. आवाज मोकळा सोडला की सूर चढायचा. 'मच्छिंद्रचा कान गेला,' असं कसबा पेठेत लोक उघड बोलू लागले. आणि बायको ऐकून गप्प! त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कर्वेनगरच्या कार्यक्रमात मध्यंतराला मंडळाचे चिटणीस आत आले. "पुढच्या वेळी बाईंबरोबर व्हायोलिन ठेवू म्हणतो. व्हायोलिन सुरात असतं."

मच्छिंद्र ताडकन उठला. "तंबोरे चढवा. आता काळी पाच!"

"अहो, नको. ऐका माझं," सरोजिनी म्हणाली.

"माझ्या वाद्याला नावं ठेवतेस ना? ऐकू दे लोकांनाच."

तार षड्ज आला. क्लॅरिनेट लख्ख लागला. सरोजिनीचा आवाज मात्र चिरकला आणि तुटला. तिने पुन्हा सूर लावला, पुन्हा तुटला. मच्छिंद्रने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. मग त्याने तोच सूर छाती फुटेस्तोवर लावून धरला, तिचं तुटणं झाकलं जाईपर्यंत.

पडदा पडताच चिटणीस तावातावाने आले. "साथ करता की गायिकेचा गळा दाबता?"

"यांना बोलू नका," सरोजिनी म्हणाली. "माझा आवाज वर पोचत नाही. पावसाळ्यापासून. म्हणून पट्टी उतरवली. वाद्य कर्कश लागतं, हे मी खोटं सांगितलं."

चिटणीस चुकचुकले आणि मच्छिंद्रची माफी मागू लागले. मच्छिंद्रला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्याच्यावरचा ठपका पुसला गेला होता, पण राग दुपटीने भडकला होता. वीस वर्षांचा संसार. घरात या बाईने चकार शब्द काढला नाही. आणि सांगितलं कुणाला, तर या उपटसुंभाला.