घोंगडीवरचा भंडारा

मेंढराच्या खुरात किडा पडला की आधी वास येतो, लंगडणं मागून दिसतं. कळपात गोजाबाईचं नाक या कामी वाकबगार. शेकडो खुरांतून नेमका नासलेला खूर ती अंधारातसुद्धा काढायची. सोलापूरच्या त्या धर्मशाळेत, गुलाबपाण्याच्या आणि नव्या सतरंज्यांच्या घमघमाटात, परिषदेच्या दुसऱ्या दिवशी तिला तोच वास आला. तिनं सवयीनं सगळ्यांच्या पायांकडं बघितलं. पाय पायमोज्यांत होते.

परिषद होती करंजोळ संस्थानच्या प्रजेची. संस्थान केवढं, तर सकाळी एका शिवेवरून मेंढरं हाकलली की दुपारच्या पाण्याला दुसरी शीव ओलांडावी, एवढं. पण त्यात महाराज होते, दिवाण होते, एक म्हातारा हत्ती होता आणि एक तुरुंग होता. तिथं चार माणसं एकत्र बसली तरी फौजदार येऊन उठवायचा. म्हणून महाराजांविरुद्ध बोलायला सगळे इंग्रजांच्या हद्दीत, सोलापुरात आले होते. गोजाबाईचा दीर धुळा म्हणाला होता, सासूची चहाडी सांगायला सासऱ्याच्या ओसरीवर जायचं म्हणजे लई अकलेचं काम.

गोजाबाई आली होती ती लेकासाठी. सिद्धनाथ तिचा एकुलता एक. संस्थानचं मोठं कुरण महाराजांनी शिकारीसाठी बंद केलं, भोवती तारा ठोकल्या. त्या साली पाऊस रुसला आणि कोकरं आयांच्या आटलेल्या सडांना लोंबकळून मरू लागली. सिद्धनाथनं तार उपटली आणि कळप आत घातला. त्याला धरून नेलं. किती दिवसांची सजा, असं गोजाबाईनं कचेरीत विचारलं, तेव्हा कारकून पान चघळत म्हणाला, महाराजांची मर्जी होईतोवर. ना खटला, ना निकाल. तेव्हापासून ती दर सोमवारी भाकरी बांधून तुरुंगाला जायची, आणि पहाटे जात्यावर बसली की तोंडात एकच ओवी यायची :

तुरुंगाच्या दारी, मर्जीचं गं कुलूप
बाळाच्या भाकरीचं, वाटंत थिजलं तूप

म्हणूनच अण्णारावांचं बोलणं तिच्या काळजाला भिडलं होतं. अण्णाराव मूळचे करंजोळचे, सोलापुरात वकिली करायचे. उंचेपुरे, खादीचा शुभ्र अंगरखा, आवाज असा की ऐकणाऱ्याच्या छातीत डफ वाजावा. ते म्हणायचे, राजाच नको. त्याचा लेक नको, नातू नको. लोकांनी निवडलेला अध्यक्ष पाच वर्षं बसेल, नीट वागला नाही तर लोकच त्याला उठवतील. आणि सगळ्यांच्या वर एक लिहिलेली घटना असेल. तिच्यापुढं अध्यक्ष आणि मेंढका सारखाच. कुणाच्या मर्जीनं कुणी आत जाणार नाही.

गोजाबाईला यात अवघड काही वाटलं नव्हतं. कळप घेऊन बाहेर पडताना धनगर वाट दाखवणारा असाच निवडतात. पाण्याला नीट नेलं तर मान, आडरानात घातलं तर पुढच्या साली दुसरा. बापाला वाट ठाऊक होती म्हणून लेकाच्या मागं कुणी मेंढरं हाकलत नाही.

उन्हाळ्यात अण्णाराव बिरोबाच्या माळावर आले, तेव्हा तिनं आपली घोंगडी अंथरली. काळीभोर, तिच्या स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची, सासूच्या हातची. धनगरांत भांडण सोडवायचं असलं, वचन घ्यायचं असलं, की घोंगडी पसरतात आणि मधोमध भंडाऱ्याचा ढीग ठेवतात. ज्यानं त्यातली चिमूट उचलून कपाळाला लावली त्याचा शब्द देवाचा. त्याला पुन्हा कुणी विचारत नाही, त्याच्यावर पाळत ठेवत नाही. विचारणं म्हणजे देवावर संशय. ती घोंगडी कधी धुवत नाहीत, नुसती उन्हात टाकतात.

अण्णारावांनी पायताण काढलं, घोंगडीवर गुडघे टेकले. भंडारा उचलला. कुरण खुलं झाल्यावाचून आणि सिद्धनाथ सुटल्यावाचून दरबाराशी समेट करणार नाही, असं साऱ्या माळाला ऐकू जाईल एवढ्यानं बोलले. कपाळ पिवळंधमक झालं. बायांनी कडाकडा बोटं मोडली. एकानं फोटोसुद्धा काढला.

त्या दिवसापासून गोजाबाई निर्धास्त झाली. वर्गणी कुठं गेली, दिवाणाच्या बंगल्यावर कोण चहाला जाऊन आलं, असं कुणी काही सांगू लागलं की ती म्हणायची, भंडारा उचललाय की त्यांनी. आणि तिथंच बोलणं मिटायचं.

आता परिषद भरली होती आणि ती घोंगडी व्यासपीठावर अण्णारावांच्या बैठकीखाली अंथरली होती, त्यांनीच मागून घेतली होती. पहिला अख्खा दिवस अध्यक्षाची खुर्ची कुठल्या गावाला, यात गेला. राजा नको म्हणणारे तीन जण एका खुर्चीसाठी असे हमरीतुमरीवर आले की धुळा हळूच म्हणाला, “वैनी, एक राजा घालवायचा आन् हे तीन घ्यायाचे, तर आपला हाय त्योच बरा की. त्येचं प्वाट तरी भरल्यालं हाय.”

दुसऱ्या दिवशी खरा वाद झाला. एक पक्ष म्हणे महाराज राहू देत, कारभार मात्र लोकांनी निवडलेल्या मंडळाकडं द्यावा. दुसरा म्हणे गादीच मोडा. कुणी कुठल्या कुठल्या देशांचे दाखले दिले. कुणी म्हणालं, अडाणी लोकांना मत देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. हे म्हणणारा गोजाबाईकडं बघून प्रेमळ हसला, तुम्हाला नव्हे हो आजी, म्हणाला. मधल्या सुट्टीत जिलेबी आली. पुढाऱ्यांनी पाकाचे हात नेमके घोंगडीच्या काठाला पुसले. गोजाबाईनं पुढ्यातली जिलेबी तशीच सरकवली. कुरणाचा शब्द अजून कुणी काढला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी, गिरणीचा भोंगा झाला त्या सुमाराला, दिवाणांचा माणूस आला. महाराजांनी कृपावंत होऊन सल्लागार मंडळ नेमायचं ठरवलं होतं. मंडळानं सल्ला द्यायचा, महाराजांनी वाटला तर ऐकायचा. निम्म्याहून जास्त सभासद महाराजांच्या पसंतीचे, आणि त्यांत पहिलं नाव अण्णारावांचं.

आता हे उसळतील, असं गोजाबाईला वाटलं. अण्णाराव उठले. तोच आवाज, तोच डफ. ते म्हणाले, प्रजासत्ताक हे पिकलं फळ आहे, कच्चं तोडलं तर दात आंबतात. आजची ही पहिली पायरी आहे. टाळ्या पडल्या. आदल्या दिवशी राजा घालवा म्हणताना वाजले होते तेच हात, तेवढेच जोरात. मग महाराजांच्या आभाराचा ठराव झाला, पुन्हा जिलेबी फिरली. कुरणाचं कलम वेळेअभावी पुढच्या परिषदेवर ढकललं.

गोजाबाई उठून बाहेर गेली आणि गटाराच्या कडेला बसून ओकली. सकाळची भाकरी, ताक, सगळं. धुळा पाठीवर हात ठेवायला आला, त्याला तिनं हातानंच लांब राहायला सांगितलं.

ती उतरली होती चनबसप्पा व्यापाऱ्याच्या घरी. तिच्या लोकरीचं गिऱ्हाईक ते, ओळख जुनी. त्यांच्या बायकोनं, सावित्रम्मानं, तिला सुंठीचं पाणी दिलं. सावित्रम्माचं बोलणं कानडीत मुरलेलं. विचारत काही नव्हती, नुसती पंख्यानं वारा घालत होती. दिवे लागायच्या आधी अण्णाराव आले, मागं बगलेत घोंगडी घेऊन धुळा. अण्णारावांच्या चेहऱ्यावर खुशी मावत नव्हती.

त्यांनी आणलेली बातमी अशी होती. सिद्धनाथ सुटणार. महाराजांच्या वाढदिवसाच्या दरबारात सुटणार, म्हणजे येत्या पंधरवड्यात. एवढंच करायचं की त्या दरबारात धनगरांनी, विशेषतः गोजाबाईनं, आपली ही घोंगडी अंथरायची, भंडारा उचलायचा आणि म्हणायचं की आम्ही महाराजांच्या छत्राखाली सुखी आहोत, आम्हाला दुसरं राज्य नको. शेजारच्या संस्थानांत गडबड चाललीय, वर इंग्रजांच्या मोठ्या साहेबाला दाखवायला दिवाणांना असं काही हवंय. धनगरांच्या भंडाऱ्याचा दबदबा साहेबाच्याही कानावर आहे.

धुळाचे डोळे भरले. “वैनी, पोरगं सुटंल. आपुन काय, चार शब्द बोलायचं.”

सिद्धनाथची मनगटं गोजाबाईच्या डोळ्यांपुढं आली. गेल्या सोमवारी भाकरी घेताना गजातून बाहेर आलेली, काटकीसारखी. त्याला खोकला लागला होता. चार शब्द. तिनं जीभ टाळ्याला लावून बघितली, कसे वाटतात ते.

“आन् कुरण?” तिनं विचारलं.

“ते पुढं बघू. मंडळात मी आहेच की.”

“वकीलसायेब, तुमी भंडारा उचलला हुता. कुरण आन् पोरगं, दोनी सुटल्याबिगर समेट न्हाय, म्हनून.”

अण्णाराव हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाला समजावताना हसतात तसं हसले. “अहो गोजाबाई, सभेत लोकांना धीर यावा म्हणून तसं करावं लागतं. माझा काही या गोष्टींवर विश्वास नाही, पण तुमच्या समाधानासाठी केलं. तुम्हीही तसंच समजा. देवाला काय कळतंय?” मग तिचं तोंड बघून त्यांना वाटलं असावं की बाईला भरवसा हवाय. ते धुळाला म्हणाले, घोंगडी टाक. म्हणाले, “हवा तर परत उचलतो. पंधरवड्यात पोरगा सुटेल, ही माझी जबाबदारी.”

आणि धुळा घोंगडी पसरतोय तोवरच त्यांनी त्याच्या कमरेच्या भंडाऱ्याच्या पिशवीत दोन बोटं घातली. सहज. तंबाखूची चिमूट काढावी तशी. बोटांच्या नखांत अजून जिलेबीचा पाक होता. भंडारा त्याला चिकटला.

तेव्हा गोजाबाईला वास कुठून येतोय ते कळलं. हा माणूस खोटं बोलला होता असंही नव्हतं. खोटं बोलणारा उचलताना निदान कापतो. याच्या हाताला काही लागलंच नव्हतं. माळावरही नाही, आताही नाही. राजा नको म्हणताना नाही आणि राजाचे आभार मानतानाही नाही. आणि आपण मात्र त्या पिवळ्या कपाळाकडं बघून डोळे मिटून बसलो. विचारायला हवं होतं. रोज विचारायला हवं होतं. वाट दाखवणाऱ्याला आपण रोज विचारतो, पाणी कुटं हाय म्हणून. याला मात्र विचारलं नाही, कारण यानं देवाला मधे घातलं होतं.

तिनं पिशवीच्या तोंडावर तळवा ठेवला. “काढा बोटं.”

“गोजाबाई, विचार करा. तुमचा एकुलता एक मुलगा आहे.”

“म्हनूनच. उद्या त्यो इच्यारंल, आई, मला काय देऊन सोडवलंस? त्यानं तार उपटली, आन् मी तीच तार चांगली हाय म्हनून भंडारा उचलू व्हय?” मग म्हणाली, “तुमी मंडळात बसा. राजा बी असू द्या न्हाय तर आध्यक्ष. आमी आता दोगांनाबी रोज इच्यारनार.”

अण्णाराव उठले. तुमच्या भल्यासाठीच सांगत होतो, असं काहीतरी बोलत पायऱ्या उतरले. उतरताना त्यांनी बोटं धोतराला पुसली. शुभ्र धोतरावर पिवळा पट्टा उठला.

धुळा भिंतीकडं तोंड करून बसला. वहिनीवर तो रागावला होता, आणि राग बोलता येत नव्हता. सावित्रम्मा तेवढी म्हणाली, “गोजव्वा, तुझ्या जागी मी असते तर बोलले असते बघ, चार शब्द.”

“मीबी बोलनार हुते की,” गोजाबाई म्हणाली. “त्यानं दुसऱ्यांदा भंडाऱ्यात हात घातला न्हाय तवर.”

सकाळी ती घोंगडी घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेली. धुळा मागून आला. तिनं घोंगडी पाण्यात लोटली तेव्हा त्याच्या तोंडून “वैनी” एवढंच निघालं. सासूच्या हयातीत जिला पाणी लागलं नव्हतं ती घोंगडी गोजाबाईनं दगडावर आपटली, टाचेनं तुडवली, पुन्हा आपटली. पिवळं पाणी सुटलं, किती तरी वेळ सुटत राहिलं. काठावरचा चिकट पाक काही केल्या जाईना. तो तिनं नखांनी खरवडला, नखं दुखेपर्यंत. देवाची माफी मागितली नाही. देवालाही शिसारी आली असेल, असं तिला वाटत होतं.

ओली लोकर दुप्पट जड होते. तिला ती खांद्यावर घेता येईना. धुळा पुढं झाला, त्यानं एक टोक उचललं. राग अजून गेला नव्हता, पण टोक उचललं. दोघांमध्ये लोंबणारी घोंगडी ठिबकत होती आणि दोघं करंजोळच्या रस्त्याला लागले.

सोमवार उद्यावर आला होता. गोजाबाई चालता चालता ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होती. धुळाला वाटलं ओवी असेल. त्यानं कान दिला. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती, घसा कुठं अडकतो ते पाहत होती.

“पोरा, सोडवाया न्हाय आले. भाकरी घ्यून आले.”