आई, जरा बाजूला हो

मी कॅमेरा बोलतोय. बसा. काचेच्या कपाटातून आवाज जरा बसका येतो, तेवढं चालवून घ्या. आणि काही गोडगोड ऐकायला मिळेल अशी आशा असेल तर आत्ताच उठा, मी अडवणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईनं माझं भिंग पुसलं, मला डोळ्याला लावलं, ठीक आहे म्हणाली आणि खोक्यात घातलं. त्यापलीकडे तिथलं काही आठवत नाही. मग दुकानाच्या फळीवर वर्षभर धूळ खाल्ली. तिथून मला घरी आणलं ते आईनं. म्हणजे आमच्या मास्तरांच्या आईनं. ती शिवणकाम करायची. आपला मुलगा दिवसभर बोटांची चौकट करून तिच्यातून जगाकडे बघत बसतो, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. मला त्याच्या हातात देऊन म्हणाली, आता बोटांना जरा विश्रांती दे.

त्याला डोळा होता, हे कबूल केलंच पाहिजे. चारचौघांच्या हातात कॅमेरा गेला की ते माणसाला मधोमध उभं करतात आणि मोकळे होतात. हा मला घेऊन गुडघ्यांवर बसायचा, पोटावर पडायचा, शिडीवर चढायचा. माणूस चौकटीच्या एका बाजूला घ्यायचा आणि तो जिकडे बघतोय तिकडे जागा मोकळी सोडायचा. जिन्याच्या कठड्याची तिरपी रेघ नेमकी चेहऱ्यापर्यंत आणायचा. पुढे तो हेच शिकवायला लागला आणि सगळे त्याला मास्तर म्हणू लागले. घराची पुढची खोली हाच वर्ग, हाच स्टुडिओ. पहिल्याच दिवशी मास्तर सांगायचे, "काय घ्यायचं ते कुणीही सांगेल. काय वगळायचं हे कळलं, की डोळा आला समजा."

आणि वगळायचं म्हटलं की पहिला नंबर आईचा.

त्याचं असं की मास्तरांना खिडकीचा उजेड फार आवडायचा. खिडकीपाशी माणूस बसवला की त्याचा एक गाल उजळतो आणि दुसरा अंधारात जातो. तो दुसरा गाल उजळायला समोरून पांढरी चादर धरावी लागते. ती आई धरायची. हातातली शिवण टाकून यायची, दोन्ही हात वर करून उभी राहायची, खांदे भरून आले तरी हूं की चूं नाही. मास्तर मला डोळ्याला लावायचे. समोर गिऱ्हाईक दिसायचं आणि कडेला आई. मग ठरलेलं वाक्य यायचं, "आई, जरा बाजूला हो." ती एक पाऊल सरकायची. अजून, असं म्हटलं की अजून एक. ती पूर्ण बाहेर गेली की माझं बटण दाबलं जायचं.

वीस-पंचवीस वर्षं हे चाललं. पुढेपुढे सांगावंही लागेना. मला वर उचललेलं दिसलं, की आई आपसूक सरकायची. कुठे थांबायचं ते तिला माझ्याइतकंच पाठ झालं होतं. मास्तर चारचौघांत कौतुकानं सांगायचे की चौकटीची कड आमच्या आईला बिनचूक कळते. ती हसायची. मला तेव्हाच राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, मलाही मजाच वाटायची.

एकदा तिनं स्वतःहून फोटो मागितला. लेक लग्न होऊन लांब गेली होती आणि तिनं पत्रातून आईचा फोटो मागवला होता. आई केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून खिडकीपाशी येऊन बसली. "माझा एक काढ रे. तुझ्या बहिणीला पाठवायचाय." मास्तरांनी मला उचललं, बघितलं आणि खाली ठेवलं. उजेड पार मेलाय म्हणाले, मागची भिंतही गचाळ दिसतेय, तुझा काढायचा तर तो तसाच झाला पाहिजे, सवडीनं काढू. ती उठली, कपडे बदलून शिवायला बसली. बहिणीला मास्तरांनी नुसत्या खिडकीचा फोटो पाठवला. फार सुंदर होता.

सवड काही झाली नाही. आईला विसर पडायला लागला. आधी कात्री कुठे ठेवली ते, मग शेजारणीचं नाव, मग शेजारीणच. अंगानंही ती खंगत चालली. डॉक्टरांनी सांगितलं की आता फार दिवस धरू नका. बहीण धावत आली आणि आल्याआल्या तिनं आईचा फोटो मागितला. बहीणभावांनी सगळी खोकी जमिनीवर उपडी केली. बाराशेच्या वर फोटो निघाले. एकात कोपर होतं. एकात चादर धरलेली चार बोटं होती, आणि तीही कापायची म्हणून मास्तरांनी पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती. ओळखपत्रावर एक अंगठ्याएवढा होता, त्यात तिला तिनंसुद्धा ओळखलं नसतं. फोननं फोटो काढायचे दिवस तेव्हा आले नव्हते. मास्तर मला घेऊन उठले.

सकाळचा उजेड होता, हवा तसा. भिंत स्वच्छ केली होती. आईला खुर्चीत बसवलं आणि मास्तरांनी मला डोळ्याला लावलं. आईनं मला बघितलं. ती मुलाला ओळखत नव्हती, लेकीला ओळखत नव्हती, मला मात्र ओळखलं. उठली, रिकामे हात वर धरले आणि एक पाऊल सरकली. मग अजून एक. बरोबर कडेबाहेर जाऊन उभी राहिली.

"आई, बस ना," मास्तर म्हणाले. "तुझाच काढतोय."

"काढ रे, काढ. मी मध्ये येत नाही."

परत बसवलं, परत उठली. मला तिच्याकडे वळवलं, तशी तीही पुढे सरकली. बहिणीनं हात धरून ठेवला तर हिसडा देऊन रडायला लागली, की कामाच्या वेळी मला कोण अडवतंय. दाराआडूनही करून बघितलं. पण माझं भिंग हातानं फिरवून चेहरा स्पष्ट करावा लागतो, त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात मी तिला दिसायचो. चार सकाळी हेच. चौथ्या दिवशी मास्तरांचा धीर सुटला. रेघा, मोकळी जागा, सगळं चुलीत गेलं आणि ते रीळ संपेपर्यंत नुसते बटण दाबत सुटले.

आई त्याच महिन्यात गेली. रीळ धुतलं तेव्हा छत्तीसच्या छत्तीस फोटोंत रिकामी खुर्ची निघाली. एकात तेवढा उजव्या कडेला पुसट खांदा होता आणि अर्धा कान.

तो एक मास्तरांनी मोठा करून प्रदर्शनात लावला. का, ते त्यांनाच ठाऊक. लोक त्याच्यासमोर थांबायचे. एवढी जागा मोकळी सोडायला छाती लागते, म्हणायचे. परीक्षकांनी विचारलं, हे सुचलं कसं? मी मास्तरांच्या गळ्यातच होतो. त्यांनी तोंड उघडलं आणि सवयीनं आतला मास्तर बोलून गेला, की मोकळ्या जागेलाही वजन असतं. दोघातिघांनी लगेच वहीत उतरवून घेतलं. पहिलं बक्षीस मिळालं.

बहीण शेवटी आली. बराच वेळ बघत राहिली. "दादा, यात आई कुठे आहे?"

मास्तरांनी कडेच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"एवढं तर तू नेहमी कापून टाकायचास," ती म्हणाली.

त्या दिवशी मी कपाटात आलो तो आजतागायत. मास्तरांनी वर्ग बंद केला. जुने विद्यार्थी येतात, याच्यातून काय एकेक फोटो निघालेत म्हणून माझ्याकडे बोट दाखवतात. तुम्हीही त्यासाठीच आला असाल तर एक सांगतो. तुमच्यासाठी कडेला उभं राहणारं कुणी घरात असेल, तर आज जा आणि त्याचा एक काढा. वाईट उजेडात काढा, वाकडा काढा. चांगला फोटो काढायला मग जन्म पडलाय.

बहीण मधूनमधून येते. कपाट उघडते, मला डोळ्याला लावते आणि हळूच विचारते, तू तरी बघितलंस ना तिला? बघितलं बाई, रोज बघितलं. पण बटण दाबल्याशिवाय माझ्याकडे काही राहत नाही. आई कशी दिसायची, ते मला आठवत नाही.